दारातून परत गेलेली तीन पत्रं

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लिहू की नको या विचारात दोन कागद फाडले. शेवटी नुसतं 'ताई' ठेवलं.

दोन वर्षांनी पत्र, तेही कागदावर, म्हणजे कोणाला काहीतरी झालं असं वाटून दचकू नकोस. जे झालं ते तेव्हाच झालंय. मला आत्ता कळलं.

आमच्या विद्यापीठाचा जुना मेल सर्व्हर मोडीत काढतोय. त्याच्या नोंदी एकदा नजरेखालून घालायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक मेलची एक ओळ: कोणाच्या नावानं आला, कुठल्या मशीनवरून आला, विषय काय, आत घेतला की परत पाठवला. हजारो ओळी. मंगळवारी त्यात तुझा पत्ता दिसला. तीनदा. बाबा गेले त्याच आठवड्यात. तिन्ही परत पाठवलेले. मजकूर आम्ही ठेवत नाही, त्यामुळे काय लिहिलं होतं ते कळायला मार्ग नाही. फक्त विषय आहेत. पहिल्याचा 'बाबा', दुसऱ्याचा 'लवकर ये', तिसऱ्याला विषयच नाही.

परत का पाठवले, ते सांगतो. त्याच्या थोडंच आधी आमच्याकडे परीक्षा विभागाच्या नावानं कोणीतरी खोटा मेल सोडला होता, 'उद्याचा पेपर पुढे ढकलला आहे' असा. चाळीस मुलं पेपरला आलीच नाहीत. एका मुलीचं वर्ष गेलं. तिची आई माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "तुमचंच नाव होतं ना हो त्यावर?" तेव्हापासून आम्ही आलेल्या प्रत्येक मेलची चौकशी करतो. ज्या पत्त्यावरून आला म्हणतोय, त्या पत्त्याच्या कंपनीनं 'आमचे मेल याच मशीनवरून निघतात, त्यावर आमची ही खूण असते' असं जाहीर केलेलं असतं. मशीन जुळलं नाही, खूणही नाही, की दारातूनच परत. तुझ्या नावाचे ते तीन मेल कुठल्या तरी रुग्णालयाच्या मशीनवरून आले होते. नाव तुझं, खूण नाही.

आता खरं विचारायचं ते. बाबा गेले त्याच्या नऊ दिवस आधी मी शुक्रवारी निघतोय असं घरच्या ई-मेलवर कळवलं होतं आणि तुझं उत्तर आलं होतं, 'बाबांची तब्येत उत्तम आहे. तू येऊ नकोस. इथे तुझी गरज नाही.' ते मी जपून ठेवलंय. पुन्हा तपासलं. मशीन बरोबर, खूण बरोबर. ते तुझंच आहे.

मग ती तीन पत्रं कोणाची? कोणी तुझ्या नावावर फालतू जाहिराती पाठवत असेल तर प्रश्नच मिटला. ती माझी नव्हेत, एवढं एका ओळीत कळव. मी तेच ऐकायला टपून बसलोय.

तुझा
धाकट्या

*

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

एका ओळीत कळव म्हणतोस. घे.

तिन्ही पत्रं माझी होती. 'येऊ नकोस' हे माझं नाही.

आता दुसरी ओळ. आणि तिसरी. दोन वर्षं तोंड दाबून बसले होते, आता बांध फुटलाय तर सोस.

बाबांना धाप लागली तशी मी त्यांना रुग्णालयात घेऊन गेले. कपड्यांची पिशवी आणि माझी वही-पेन्सिल, एवढंच घेतलं होतं. मला ऐकू येत नाही हे तिथे प्रत्येकाला लिहून दाखवावं लागतं. वॉर्डच्या टेबलावर एक कारकून बाई होती, जाड भिंगाची, फार भली. तिनं तुझा नंबर दोनदा फिरवला. मान हलवली. मग वहीत लिहिलं, 'फोन बंद आहे.' 'तुला मोबाइल कशाला हवा' असं तूच हसून म्हणायचास, त्यामुळे तोही नव्हता. मग ती म्हणाली, इथल्या कॉम्प्युटरवरून नातेवाइकांना निरोप धाडता येतो. त्यात एक चौकोन होता, 'तुमचा ई-मेल पत्ता'. मी माझा लिहिला, उत्तर घरच्या खात्यावर यावं म्हणून. माझंच नाव लिहिलं, धाकट्या. त्यात मी काय खोटं केलं?

पहिल्यात लिहिलं, बाबांना ॲडमिट केलंय, निघता येईल का बघ. दुसऱ्यात लिहिलं, डॉक्टर म्हणतात उशीर करू नका. तिसऱ्याच्या वेळी घाईत विषय लिहायचा राहिला. 'तुझी वाट बघतेय' एवढंच लिहिलं आणि बटण दाबलं.

बाबांनी एकदाही तुझं नाव काढलं नाही. मला वाटलं रागावलेत. पण दार वाजलं की मान वळवायचे. मला कुठलं दार ऐकू येतंय, पण त्यांची मान वळली की कळायचं, कोणीतरी आलं. तीन दिवस मी दाराकडे बघितलंच नाही, त्यांच्या मानेकडेच बघत होते.

घरी आले तर खात्यात कुठल्याशा यंत्राची तीन इंग्रजी पत्रं येऊन पडली होती. 'अनोळखी इंग्रजी पत्र आलं की न उघडता काढून टाक, ताई, सगळे भामटे असतात', हे तुझंच वाक्य. काढून टाकली. ती 'पत्र पोचलं नाही' असं सांगायला आली होती का रे? आत्ता तुझं वाचताना लक्षात आलं आणि पुस्तकबांधणीच्या कारखान्यात खळीचा डबा हातातून सुटला.

मग मी घरून एक ओळ पाठवली: 'सगळं आटोपलं. आता यायची गरज नाही.' ती तेवढी तुझ्या दारातून आत गेली. वा रे दार!

माझ्या नावानं तुला 'येऊ नकोस' कोणी लिहिलं? मला ते पत्र बघायचंय.

ताई

*

२२ फेब्रुवारी

ताई,

हो. ती यंत्राची पत्रं तेच सांगायला आली होती.

तुझं पत्र मी ऑफिसात फोडलं ही चूक झाली. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. त्यांनाच सगळं सांगितलं, कारण त्यांना ते ऐकायचा हक्क होता. आम्ही ही तपासणी सुरू केली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "निदान पहिला महिना परत नको पाठवू या. बाजूला ठेवू. कोणाची आहेत, का आलीत, बघू तरी." मी म्हटलं, बाजूला ठेवलेलं कोणी बघत नाही. दार एकतर उघडं असतं नाहीतर बंद. मला ती उभी राहिलेली आई दिसत होती. मी सगळ्यात कडक नियम लावला. माझ्या हातानं. तुझ्या तिन्ही पत्रांच्या तोंडावर मीच दार आपटलं, ताई, दुसऱ्या कोणी नाही.

तुझी ती शेवटची ओळ वाचून मला काय वाटलं ते सांगू? वाटलं, आधी 'गरज नाही' म्हणाली, आता पुन्हा 'गरज नाही'. एवढा नकोसा झालो तर बरं, नाही लिहीत. अशी दोन वर्षं गेली.

सोबत त्या पत्राची छापील प्रत पाठवतोय. वरच्या बारीक अक्षरांच्या ओळी म्हणजे त्याचा प्रवास. तपासणी काय सांगते आणि काय नाही ते नीट सांगतो, कारण मी स्वतःच ते विसरलो होतो. पत्र कुठल्या घरातून निघालं ते कळतं. घरात कोणी लिहिलं ते कळत नाही. हे पत्र आपल्याच घरच्या कॉम्प्युटरवरून, तुझ्या खात्यातून गेलंय. पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता?

माझा फोन का बंद होता, ते तुला ठाऊक आहे. 'शुक्रवारी निघतोय' या मेलमध्येच मी ते लिहिलं होतं. दोन वर्षांत तू त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही.

धाकट्या

*

१९ मार्च

धाकट्या,

उशीर झाला, पण हातावर हात ठेवून बसले नव्हते.

आधी तुझी प्रत चार वेळा वाचली. 'तब्येत उत्तम आहे.' अरे, मी आयुष्यात कधी 'उत्तम' लिहिलंय? मी लिहिते 'बरी आहे', फार तर 'झकास'. आणि तू माझा भाऊ, तुला ते खुपलं नाही? खाली 'काळजी नसावी'. मग वेळ बघितली. मंगळवार, सकाळी साडेअकरा. त्या वेळी मी कारखान्यात पुस्तकांचे फर्मे शिवत असते, गेली बावीस वर्षं. घरी बाबा. आणि बाबांना तर मोतीबिंदूमुळे पडद्यावरचं काही दिसत नव्हतं.

पण मंगळवारी नर्सबाई यायच्या, इंजेक्शन द्यायला. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात. बोल आता.

त्या बाई आपला भाग सोडून गेल्यात. तिसऱ्या खेपेला सापडल्या, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात. मी प्रत त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती बाकावर बसून वाचली. मग माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलायला लागल्या. त्यांना अजून आठवत होतं की मी ओठ वाचते.

म्हणाल्या, "मीच लिहिलं, ताई. बोट माझं, शब्द त्यांचे."

त्या दिवशी तुझा मेल आला होता. बाबांनी वाचून दाखवायला सांगितला. त्यात होतं की तुझ्या बायकोला सातवा लागलाय, डॉक्टरांनी पलंगावरून पाय खाली टेकवू नको म्हणून बजावलंय, ती रुग्णालयात आहे, तिथे फोन बंद ठेवावा लागतो. तरी दोन दिवस कोणाला तरी सोबतीला बसवून तू शुक्रवारी निघतोस. बाबांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे पुसून टाका. आणि ताईच्या नावानं उत्तर लिहा."

बाई म्हणाल्या, "ताईंच्या नावानं कशाला आजोबा? तुमच्याच नावानं लिहिते की."

"मी नको म्हटलं तर तो पळत येईल. ताईनं नको म्हटलं तर ऐकेल. लहानपणापासून तिचंच ऐकतो तो."

"पण तुमची तब्येत..."

"बाई, मी एकतीस वर्षं बस चालवली. स्टॉप आला की उतरायचं असतं, त्यात नवल काय? त्याचं लेकरू चढायचंय अजून. बापानं तिथे उभं राहायला नको?"

'गरज नाही' हे बाईंनी लिहायला नकार दिला होता. फार तोडून लिहिल्यासारखं होतं म्हणाल्या. बाबा म्हणाले, "तोडूनच लिहा. नाहीतर तो हलेल." आणि मला सांगायचं नाही अशी शपथ घातली. बाईंना वाटलं, आजोबा बरे होतील, मग आपणच हसत सांगतील. पुढच्या मंगळवारी त्या आल्या तर घराला कुलूप.

रडल्या फार. मी त्यांना काही बोलले नाही. येताना मात्र बसमध्ये बाबांना मनातल्या मनात भरपूर बोलले. माझं नाव घेऊन माझ्याच भावाला तोडलंत, आणि मग तीन दिवस दाराकडे माना वळवत बसलात! स्वतःच नको म्हणून कळवलं होतं, तरी बघत होते, धाकट्या. येणार नाही हे माहीत असूनही.

आणि तू! मला ठाऊक आहे म्हणतोस. मला काय डोंबल ठाऊक होतं? तुझा मेल माझ्या डोळ्यांपुढे आलाच नाही. तू बाप होणार हे मला दोन वर्षांनी, परक्या दवाखान्याच्या बाकावर, परक्या बाईच्या ओठांवरून कळावं!

असो. भांडण पुरे. म्हणजे मी आत्या झाले, आणि मला पत्ताच नाही. मुलगा की मुलगी? आता दोन वर्षांचं होत आलं असेल, घरभर पळत असेल. बोलायला लागलंय का? ऐकू नीट येतं ना? माझं तापानं गेलं, रक्तात काही नाही, तरी एकदा तपासून घे, माझ्या जिवाला घोर नको.

सोबत एक वही पाठवतेय, मी शिवलेली. पानं जाड आहेत, ओढली तरी फाटत नाहीत. कोपरे गोल कापलेत, तोंडात घातली तरी टोचायची नाहीत. रेघोट्या मारू दे हव्या तशा.

बाबांचं ऐकून तू थांबलास, तेच बरं झालं. आता स्वतःला खात बसू नकोस. फोटो पाठव.

ताई

*

९ एप्रिल

धाकट्या,

पार्सल पोचलं का? तीन आठवडे झाले. रागावलास का? मी लिहिण्याच्या भरात जास्त बोलले असेन.

ताई

*

१७ एप्रिल

ताई,

पोचलं. रागावलो नाही. रोज लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

मुलगी होती. बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी झाली, फार लवकर. नऊ दिवस राहिली.

तुला माहीत आहे आणि तू विचारत नाहीस, असं मी दोन वर्षं धरून चाललो. बायकोला पण तेच सांगितलं, 'माझ्या बहिणीला सगळं कळवलंय, ती काही विचारत नाही.' माझ्यामुळे तिच्या मनात तुझ्याबद्दल अढी बसली. परवा तुझं पत्र तिला वाचायला दिलं. 'आत्या झाले' पर्यंत आली आणि कागद उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. वही मी लपवून ठेवली होती, ती तिनं शोधून काढली. कोपऱ्यांवरून बोट फिरवत बसली होती. मग म्हणाली, "हे तिला माहीतच नव्हतं रे." बास. एवढंच.

नऊ दिवस मुलगी काचेच्या पेटीत होती. हात आत घालायला बाजूला गोल भोक होतं. तिची मूठ माझ्या बोटाच्या एका पेराएवढी. मी नऊही दिवस तिथे होतो. रुग्णालयातून एकदाही घरी गेलो नाही. आधीचे आठवडेही मी तिथेच होतो, बायकोच्या पलंगापाशी. बाबांनी मला जिथे उभं केलं तिथे मी उभा होतो, ताई. त्यांना हवं ते झालं नाही, पण त्यांनी सांगितलेलं मी सोडलं नाही. याचा मला आधार वाटतो की राग येतो, ते अजून कळत नाही. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं.

नाव ठेवलं नव्हतं. कागदावर आईचं नाव आणि पुढे 'यांची मुलगी' असंच राहिलं.

ऑफिसातला नियम बदलला. आता ज्या मेलची खूण जुळत नाही तो परत जात नाही, बाजूला ठेवतो. रोज सकाळी तासभर मी आणि सहकारी बाई ते एकेक उघडून बघतो. बहुतेक सगळे भामट्यांचेच असतात. शंभरात एखादा खरा निघतो. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या आजोबांचा निघाला, सायबर कॅफेतून लिहिलेला. साहेब म्हणतात, एवढा वेळ घालवणं परवडत नाही. सहकारी बाई म्हणाल्या, "मग आमचा चहाचा वेळ कापा."

वही परत पाठवू का? घरात ठेवावी की नाही, सुचत नाही.

तू बाबांच्या आजारपणात एकटी होतीस, आणि मी इथे तुझ्या नावानं बोटं मोडत होतो. माफ कर म्हणायला तोंड नाही.

धाकट्या

*

२५ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र कारखान्याच्या जिन्यात उभं राहून वाचलं. मग परत वर गेले आणि मालकांना लिहून दिलं, महिनाभर रजा. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी कारण विचारलं. मी लिहिलं, 'भाची.' त्यांनी अर्जावर सही केली.

माफी कसली मागतोस? तू दार लावलंस ते दुसऱ्याच्या लेकीचं वर्ष वाचावं म्हणून. मी यंत्राची पत्रं फेकली ती तू सांगितलंस म्हणून. बाबा खोटं बोलले ते तुझ्या लेकीसाठी. कोणाच्या मनात पाप नव्हतं, आणि तरी घर बसलं. आता याचा निवाडा करत बसायला माझ्यापाशी वय नाही.

वही परत पाठवू नकोस. तुझ्या बायकोला हवी असेल तर राहू दे, नको असेल तर मी आल्यावर बघू. मी माझ्या हातानं घेऊन जाईन.

कोऱ्या पानांवर माझ्या भाचीविषयी मला सगळं लिहून हवंय. केस होते का, डोळे उघडायची का, कोणासारखी दिसत होती. मी आत्या आहे तिची. मला नऊ दिवसांचं तरी कळू दे.

पाच तारखेला दुपारी चारच्या गाडीनं पोचतेय. सुट्टी टाकू नकोस, सकाळी तुमचं ते बाजूला ठेवलेलं बघून मग ये. उशीर झाला तर मी फलाटावर बसून राहीन, मला घाई नाही.

बायकोला एवढं सांग: माझ्यासाठी काही करायचं नाही, हसून बोलायचं नाही, बोलायचंच नाही वाटलं तरी चालेल. माझ्याजवळ नुसतं बसता येतं. मला त्याची सवय आहे.

ताई